लंब कुठे आहे?

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास आमची नात माझ्या खोलीत आली, वही गादीवर टाकली आणि म्हणाली, "आजी, मी मॅथ्स सोडते."

सेकंड इयर बी.एस्सी.ला आहे. बारावीला गणितात चांगले मार्क होते, हौसेने विषय घेतलेला. मी म्हटलं, सोड बापडी, पण कुठल्या गणितापायी सोडतेस ते तरी दाखव. तर म्हणे, "तुला नाही कळणार ते, लिनियर अल्जेब्रा आहे." आता मी इतिहासाची बी.ए., तीही मराठी माध्यमातली, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. पण गणिताचे सर मध्येच सोडून गेले म्हणून 'तात्पुरती' म्हणून दिलेली नववी-दहावीची भूमिती मी पुढे वीस वर्षं शिकवली, हे मात्र सगळे सोयीस्कर विसरतात. असो. मी चष्मा लावला.

धड्याचं नाव इनर प्रॉडक्ट स्पेसेस. (मी त्याला घरात आंतरगुणाकार म्हणते. कुणाला बरा शब्द सुचला तर जरूर कळवा.) गणित असं होतं : ० ते १ ह्या टप्प्यात 'क्ष वर्ग' ह्या फंक्शनच्या सर्वांत जवळची सरळ रेषा काढा. जवळ म्हणजे काय, तेही दिलेलं होतं. दोघांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याचं ० ते १ इंटिग्रेशन करायचं आणि ते कमीत कमी यायला हवं. पोरीने दीड पान आकडेमोड करून उत्तर काढलं होतं, क्ष वजा १/६. आणि त्याच्यावर लाल पेनाने भली मोठी फुली मारली होती. कारण क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये उत्तर छापलं होतं, क्ष अधिक १/६.

तिने तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा वजाच आलं. आणि तीनदा तेच उत्तर आल्यावर तिने निष्कर्ष काय काढला? आपल्याला हा विषय जमत नाही!

मी तिला आलेखकागद आणायला सांगितला. घरात नव्हता, तेव्हा धाकट्याच्या चौकड्यांच्या वहीवर काम भागवलं. क्षला ०, १/४, १/२, ३/४, १ अशा किमती द्यायच्या, त्यांचे वर्ग ०, १/१६, १/४, ९/१६, १. ठिपके जोडले. आता ० आणि १ ह्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ काढ, म्हटलं. ती रेघ म्हणजे नुसता 'क्ष'. वक्र त्या रेघेच्या खाली लोंबतोय, कपडे वाळत घातल्यावर दोरी झोळते तसा. आता नोट्सवाल्यांची रेघ काढ. क्ष अधिक १/६ म्हणजे तीच रेघ आणखी वर उचललेली. वक्र खाली झोळलाय, आणि सर्वांत जवळची रेषा म्हणून हे लोक त्याच्यापासून आणखी वर चाललेत! तिची स्वतःची रेघ काढली, तर ती वक्राला दोन ठिकाणी छेदून त्याच्या मधोमध बसली.

पोरगी दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे असं चित्र काढता येतं हे कुणी सांगितलंच नाही."

मंडळी, आजचं हे सगळं लिखाण त्या एका वाक्यावर आहे. छापताना अधिकाचं वजा होतं, वजाचं अधिक होतं. माझ्या हातून फळ्यावर कितीदा झालंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नोट्स सगळ्या बॅचच्या हातात आहेत, बऱ्याच मुलांनी ते उत्तर पाठ केलंय आणि कुणालाही ते खटकलं नाही. नोट्स मी चाळल्या. सोडवलेल्या उदाहरणांची पानंच्या पानं, आणि एकाही उदाहरणाशेजारी आकृती म्हणून नाही. ज्या विषयाचा जीव काटकोनात आहे, त्यात एक काटकोन काढलेला नाही. ह्याला मी गणित शिकवणं म्हणायला तयार नाही. हे उत्तरांचं पाठांतर आहे. माझ्या इतिहासाच्या सनावळ्यांना सगळे नावं ठेवायचे, पण पानिपत १७६१ ला झालं हे निदान खरं तरी होतं!

आंतरगुणाकार म्हणजे काय हे मी नातीकडूनच शिकले, आणि मग माझ्या भाषेत तिला परत सांगितलं. दोन बाण एकाच बिंदूतून निघालेत. पहिल्याच्या टोकातून दुसऱ्यावर लंब टाका. लंबाच्या पायापर्यंत दुसऱ्यावर जेवढी लांबी येते ती पहिल्याची सावली. सावली गुणिले दुसऱ्याची लांबी, हा झाला आंतरगुणाकार. बाण एकमेकांना काटकोनात असतील तर सावली शून्य आणि गुणाकारही शून्य. बस.

ही सावली आपल्याकडे नवीन नाही. इथे इतिहासाची बी.ए. थोडी उपयोगी पडते. भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली साधारण ११५० मध्ये. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला आणि त्याचा शिलालेख आहे. (नातवंडांनी आजी-आजोबांचं ऐकावं म्हणून सांगत नाहीये :) ) तर लीलावतीत ह्या सावलीला शब्द आहे, आबाधा. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे जे दोन तुकडे होतात, त्या आबाधा. त्यांचं उदाहरण आहे, पाया १४, बाजू १३ आणि १५. आबाधा येतात ५ आणि ९, लंब १२, क्षेत्रफळ ८४. आता १३ ची बाजू आणि १४ चा पाया हे एका कोपऱ्यातून निघालेले दोन बाण समजा. सावली ५, पाया १४, आंतरगुणाकार ७०. झालं की!

दहावीच्या भूमितीतही हे आहेच. पायथागोरसच्या धड्यात लघुकोनासमोरच्या बाजूचा नियम येतो : दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करा आणि त्यातून पाया गुणिले आबाधेची दुप्पट वजा करा. १६९ आणि १९६ मिळून ३६५, त्यातून ७० ची दुप्पट १४० गेले, राहिले २२५, म्हणजे १५ चा वर्ग. पाठ्यपुस्तकात आबाधा हा शब्द नसतो, नुसतं रेषाखंडाचं नाव असतं, पण वस्तू तीच. म्हणजे आमच्या नातीने आंतरगुणाकार दहावीत वापरला होता. तिला कुणी सांगितलं नाही इतकंच.

आणि मी तरी कुठे सांगितलं होतं कुणाला? हे कबूल करायलाच हवं, नाहीतर ह्या लिखाणाला काही अर्थ नाही. आमच्या पुस्तकात लघुकोनाला एक नियम आणि विशालकोनाला दुसरा. मी मुलींकडून ताल धरून म्हणून घ्यायचे, "लघुकोनाला वजा, विशालकोनाला अधिक." वर्ग दुमदुमायचा आणि शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन कौतुक करायच्या. का वजा, का अधिक, हे मी स्वतःही कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर कधीतरी लीलावती वाचायला घेतली तेव्हा पुढचं उदाहरण भेटलं, पाया ९, बाजू १० आणि १७. इथे लंब पायाच्या बाहेर पडतो. भास्कराचार्य नवीन नियम करत नाहीत. त्याच रीतीने करा म्हणतात, एक आबाधा ऋण येईल, ६, म्हणजे ती उलट दिशेला आहे असं समजा. दुसरी १५, लंब ८. एकच नियम आणि सावली उलटीकडे पडली की चिन्ह आपोआप बदलतं! आंतरगुणाकार वजा ५४. दोन प्रमेयं नाहीतच, आहे ते एकच. ते दोन तुकड्यांत शिकवून मी वीस वर्षं पोरींना घोकायला लावलं. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी इथे जे एक होतं, ते आम्ही मार्कांच्या सोयीसाठी दोन केलं.

आता येऊ त्या क्ष वर्गाकडे, कारण आमचा पुण्यातला भाचा (इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो) ह्यावर फोनवर म्हणालाच, "मावशी, बाणांपर्यंत ठीक आहे गं तुझं, पण क्ष वर्ग हा बाण नाही. ह्या विषयाचा मुद्दाच हा की चित्र सोडून द्यायचं आणि नियमांवर चालायचं." त्याचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही. फंक्शनची सावली फुलपाड्याच्या गच्चीवर पडत नाही हे मलाही कळतं. पण हे नियम आले कुठून? क्रम बदलला तरी गुणाकार तोच, बेरजेवर सरळ पसरतो, आणि शून्य सोडून कुणाचाही स्वतःशी गुणाकार शून्याहून मोठा. हे तीन नियम कुणाला स्वप्नात दिसले नाहीत, बाणांच्या सावल्या बघूनच वेचून काढलेत. पहिलाच नियम घ्या. १३ ची १४ वरची सावली ५. उलट १४ ची १३ वरची सावली काढा, ती येते ७० भागिले १३, भलताच आकडा. पण तिला १३ ने गुणलं की पुन्हा ७०. हे नवल ज्याने एकदा आकृतीत पाहिलं, त्याला 'सिमेट्री' हा शब्द पाठ करावा लागत नाही. चित्र सोडून द्यायला आधी ते हातात असावं लागतं ना?

आणि फंक्शनमध्ये चित्र सुटलं तरी लंब सुटत नाही. तोच तर ह्या धड्याचा प्राण! क्ष वर्गाच्या सर्वांत जवळची रेषा म्हणजे क्ष वर्गाची, सगळ्या सरळ रेषांच्या मिळून झालेल्या पटावर पडलेली सावली. सावली वजा केल्यावर जे उरतं ते त्या पटाला लंब असलं पाहिजे. सगळ्या सरळ रेषा १ आणि क्ष ह्या दोघांपासून बनतात, तेव्हा उरलेला भाग ह्या दोघांना लंब आहे का एवढंच बघायचं. नातीचं उत्तर घ्या. उरतं क्ष वर्ग वजा क्ष अधिक १/६. त्याला १ ने गुणून इंटिग्रेशन : १/३ वजा १/२ अधिक १/६, शून्य. क्षने गुणून : १/४ वजा १/३ अधिक १/१२, पुन्हा शून्य. दोन ओळी! नोट्सवाल्यांचं उत्तर पहिल्याच ओळीत आपटतं, वजा १/३ येतं. म्हणजे ह्या विषयात उत्तर बरोबर आहे का हे विचारायला ना क्लासच्या सरांकडे जायला लागतं, ना पुस्तकाच्या मागच्या पानाकडे. लंब पडला की नाही बघा, मोकळे व्हा. इतकी स्वतःची परीक्षा स्वतः घेणारी गणितं मी तरी फार पाहिलेली नाहीत, आणि नेमकी तीच गणितं मुलं दुसऱ्याच्या उत्तरावर विसंबून सोडवतायत.

तीच गत त्या ग्रॅम-श्मिटची. मुलांना ती एक लांबलचक सूत्रांची आगगाडी म्हणून येते, परीक्षेत ओकायची. ग्रॅम हा डेन्मार्कचा, पोटापाण्याला विमा कंपनीत काम करणारा माणूस. त्याचा १८८३ चा लेख फंक्शनला जवळात जवळ कसं जायचं ह्याच प्रश्नावरचा आहे. श्मिटचा लेख १९०७ चा. रीत सांगायची तर एका वाक्यात : आधीच्यांची सावली काढून टाक, उरेल ते लंब. १ घेतला. क्षची १ वरची सावली १/२, ती काढली, उरलं क्ष वजा १/२. आता क्ष वर्गाची १ वर सावली १/३, आणि ह्या क्ष वजा १/२ वर सावली तो स्वतःच, बरोबर एक पट. दोन्ही सावल्यांची बेरीज करा, क्ष वजा १/६. दीड पानाचं गणित तीन ओळींत. नातीला हे सांगितल्यावर ती माझ्यावरच चिडली, "मग आम्हाला ते सूत्र कशाला दिलं?" मी काय सांगणार. आम्हीही दिलंच होतं की, ताल धरून.

एक गणित मात्र नोट्समधलं मला फार आवडलं, ते असं : अमुक तऱ्हेने मोजलेली लांबी कुठल्याच आंतरगुणाकारातून येत नाही हे दाखवा. ह्याला तर मी रिक्षाचं गणित म्हणते. आपण स्टेशनवरून शेअर रिक्षाने घरी येतो, रिक्षा पक्ष्यासारखी तिरकी उडत नाही. समजा एक किलोमीटर सरळ आणि मग एक किलोमीटर आडवं. मीटरला अंतर दोन. हे मोजमाप अगदी खरं आहे, भाडं त्यावरच देतो. पण त्यात काटकोन लपलाय का? तपासायचं कसं, तर समांतरभुज चौकोनाचा नियम : कर्णांच्या वर्गांची बेरीज बरोबर चारी बाजूंच्या वर्गांची बेरीज. (दहावीचं अपोलोनियस आठवा, तेच हे.) बाजू एक आणि एक, चौघींच्या वर्गांची बेरीज ४. कर्ण रिक्षाने दोन आणि दोन, वर्गांची बेरीज ८. जमलं नाही, सबब रिक्षाच्या अंतरामागे आंतरगुणाकार नाही. आणि उलट, हा नियम सर्वत्र पाळला गेला तर त्या लांबीमागे आंतरगुणाकार असतोच, हे जॉर्डन आणि फॉन नॉयमन ह्यांनी १९३५ मध्ये सिद्ध केलं. दहावीच्या पोरांच्या हातात ही केवढी मोठी किल्ली आहे! नोट्समध्ये मात्र एवढंच, "पॅरलेलोग्रॅम लॉ डझ नॉट होल्ड", आणि खाली दुहेरी रेघ.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही घरी बसून बोलता, विद्यापीठाच्या शिक्षकांना वेळ कुठे असतो. वेळ नसतो हे मान्य. अभ्यासक्रम, सहामाही परीक्षा, मोठ्ठे वर्ग, सगळं मान्य. पण इच्छा असली की काय होतं हेही आपल्या मुंबईतच दिसलंय. एस. कुमारेसन मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागात होते तेव्हा त्यांनी ह्याच विषयावर पुस्तक लिहिलं, २००० साली निघालं, आणि त्याच्या नावातच 'अ जॉमेट्रिक अप्रोच' आहे. त्यांनीच १९९३ पासून एमटीटीएस हे उन्हाळी शिबिर उभं केलं. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशावर देशभरातली मुलं चार आठवडे एकत्र बसवायची आणि त्यांना उत्तरं देण्याऐवजी प्रश्न विचारत राहायचं. म्हणजे माणसं आहेत, पुस्तक आहे, रस्ता आहे. तरी विरारच्या पोरीच्या हातात येते ती झेरॉक्स. आणि आता तर झेरॉक्सचीही गरज राहिली नाही, फोनने गणिताचा फोटो काढला की पायऱ्यापायऱ्यांनी उत्तर समोर. फोन बरोबर उत्तर देईलही, पण ते बरोबर आहे हे मुलांना कशावरून कळणार? फोनच्या तोंडावरून?

दुसऱ्या दिवशी नात वही घेऊन क्लासला गेली. दोन ओळींचं इंटिग्रेशन करून दाखवलं. सर म्हणे वाईट माणूस नाहीत. त्यांनी बघितलं, मान हलवली, म्हणाले, "हो गं, चिन्ह चुकलंय. पुढच्या बॅचला दुरुस्त करू." ह्या बॅचचं काय असं तिने विचारलं, तर म्हणाले, "मार्क पद्धतीला असतात, उत्तराला एकच."

तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. मला राग आला, तिला मात्र हसू येत होतं. वहीवरची लाल फुली तिने खोडली नाही, तिच्याखाली छोटासा काटकोन काढून ठेवलाय.

मॅथ्स सोडण्याचा विषय तूर्त निघालेला नाही. आज सकाळपासून क्ष घन घेऊन बसली आहे. तोच टप्पा, ० ते १, सर्वांत जवळची सरळ रेषा. ज्यांना हौस आहे त्यांनी करून बघा. भाच्या, तूसुद्धा. उत्तर मी इथे देणार नाही. तपासायचं कसं ते वर सांगितलंय.